रिकाम्या समृद्धी महामार्गावर वेगमर्यादा ओलांडणे अनैतिक आहे का?

प्रश्न (जालना):
समृद्धी महामार्गावर मोटारींसाठी ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे. रात्री दोनच्या सुमारास, गाडीत एकटा असताना आणि मागेपुढे एकही दिवा दिसत नसताना मी 150 ने गेलो, तर कायदा मोडला हे मान्यच आहे. पण ज्यात दुसऱ्या कोणाचे काही बिघडत नाही, ते कृत्य अनैतिक कसे ठरते? दंडाची चर्चा कृपया नको.

उत्तर (लातूर):
रस्ता रिकामा असल्याचे आपण ठरवता, ते हेडलाइटच्या झोतापुरते. त्यापलीकडे एखादा रोही आडवा आलेला असू शकतो, किंवा टायर फुटलेला ट्रक दिवे बंद करून कडेला उभा असतो आणि त्याचा क्लीनर जॅक लावून चाकाशी वाकलेला असतो. चालकाला सावध व्हायला एक सेकंद धरला आणि ब्रेक सारखेच मानले, तर 120 ची गाडी जिथे पूर्ण थांबते, तिथे 150 ची गाडी अजून ताशी शंभराच्या आसपास धावत असते. ही जोखीम त्या क्लीनरने पत्करलेली नाही. ती आपण त्याला न विचारता त्याच्या माथी मारता. उसाच्या हंगामात रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्यांमागून रात्री गाडी चालवणाऱ्या आमच्याकडच्या माणसाला हे सांगावेही लागत नाही.

प्रश्नकर्ता:
झोत अपुराच असेल, तर 120 ची गाडी तरी वेळेवर थांबेल कशावरून? म्हणजे हा आकडा निव्वळ सोयीचा झाला.

उत्तर (परभणी):
आकडा सोयीचाच आहे. पण आपल्या युक्तिवादातून 100 ने जावे असा निष्कर्ष निघतो, 150 ने जावे असा नव्हे. शिवाय इंटरचेंजवरून महामार्गावर येणारा चालक मागच्या दिव्यांचे अंतर पाहून, ती गाडी 120 च्या आसपास असेल असे गृहीत धरूनच आत शिरतो, आणि त्याचा हा अंदाज आपण परस्पर खोटा ठरवता. जालना ते संभाजीनगर साठेक किलोमीटर आहे. तेवढ्या अंतरात 150 ने गेल्यास अर्ध्या तासातली सहा मिनिटे वाचतात. मागच्या सीटवर छातीत कळ आलेला माणूस असेल, तर त्या सहा मिनिटांना मोल आहे आणि तेव्हा मी आपल्याला दोष देणार नाही. आपण मात्र गाडीत एकटे असल्याचे लिहिले आहे.