उन्हाळी चित्रकला वर्गापूर्वीची धास्ती : आपले अनुभव

दहावीची परीक्षा आटोपली की निसर्गचित्रण शिबिरांची आणि कलाशिक्षणाच्या पूर्वतयारी वर्गांची नावनोंदणी सुरू होते. ‘आपला हात तितका चांगला नाही’ असे वाटत असतानाही ज्यांनी त्या वयात अशा वर्गाची तयारी केली, त्यांनी नेमके काय केले ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

कोल्हापूरहून :
इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत मला ‘क’ श्रेणी मिळाली होती आणि शिबिराला सोबत येणाऱ्या दोघी मैत्रिणी ‘अ’ श्रेणीच्या होत्या. त्यामुळे पहिल्याच दिवशी स्केचबुक दाखवावी लागेल हे कळताच नाव मागे घ्यावे, असे माझ्या मनात आले. आमच्या चित्रकलेच्या सरांनी धीराचे शब्द बोलण्याऐवजी मला एसटी स्थानकात बसून माणसे रेखाटायला सांगितले. वाट पाहणारा माणूस कधी उठेल याचा नेम नसतो, म्हणून खांदे, कंबर आणि पाय यांची दिशा आधी पकडायची, चेहरा शेवटी घ्यायचा आणि खोडरबर घरी ठेवायचा. सुरुवातीची पाने आजही पाहवत नाहीत. परंतु खोडण्याची सोयच नसल्यामुळे रेघ चुकली की काय याचा घोळ घालायला उसंत मिळत नसे, आणि माझ्या शंकेखोर स्वभावाला नेमके तेच औषध हवे होते. तळ्याकाठची निसर्गचित्रे रंगवणारे नामवंत चित्रकार आबालाल रहमान यांच्या गावात राहून तळ्याचे चित्र काढण्याची छाती मात्र शिबिरात गेल्यावरच झाली.

नागपूरहून, एक आई :
मुलगी मोबाईलवर समवयस्कांची चित्रे पाहून हिरमुसत असे. आम्ही वर्गाच्या यादीतील साहित्य आधीच आणून तिला वापरू दिले. तिची निम्मी धास्ती महागड्या कागदाचीच होती, असे माझे मत आहे.

वाईहून, कलाशिक्षक :
मेणवलीच्या घाटावर मुलांना नेतो, तेव्हा एक गोष्ट हमखास घडते. पारदर्शक जलरंगात उजेडासाठी कागदच कोरा सोडायचा असतो, त्यामुळे तो कुठे राखायचा हे आधी ठरवावे लागते. आणि मे महिन्याच्या उन्हात रंगाचा हात पुरता फिरण्याआधीच वाळतो व त्याच्या कडा उमटतात. नवखे मूल तो दोष स्वतःच्या हाताला लावते. म्हणून सकाळच्या उन्हात, पाव इम्पिरियल (साधारण ११ × १५ इंच) आकाराच्या जाड कागदावर, मोठ्या ब्रशने काम सुरू करावे. घरी एकाच रंगाच्या फिकट ते गडद छटा काढाव्यात आणि तांब्याच्या तोंडाचा लंबगोल निरनिराळ्या उंचीवरून पाहून रेखाटावा. एवढी तयारी पुरते.

पुण्याहून :
माझी शंका गेली, असे मला म्हणवत नाही. दृश्यकलेच्या सीईटीत वस्तुचित्र आणि संकल्पचित्राबरोबर स्मरणचित्रही असते, म्हणून मंडईत पाहिलेले घरी येऊन घड्याळ लावून काढण्याचा सराव मी केला, तरी वर्गाच्या आदल्या रात्री झोप लागली नाही. इतर मुलेही तितकीच घाबरलेली असतात असे मला सांगण्यात आले होते. पण माझ्या शेजारचा मुलगा मुळीच घाबरलेला नव्हता आणि चित्रेही उत्तम काढत होता. तो ब्रश केव्हा धुतो आणि केव्हा नुसता फडक्याला टिपतो, हे पाहून मी बरेच शिकलो.