स्वतः निवडलेल्या व्यवसायात समाधानी असूनही पुरातत्त्वाची हुरहुर का जात नाही?

प्रश्न विचारणारी: काळी माती (नागपूर)

मी नागपुरात स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून काम करते आणि वयाची चाळिशी मागे पडून काही वर्षे झाली आहेत. शाळेत असताना अजब बंगल्यातली, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातली, शिल्पे, नाणी आणि शिलालेख पाहून मला पुरातत्त्वाचे वेड लागले होते. बारावीनंतर बी. ए. करून पुढे नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागात जायचे, हा मार्ग मला पूर्ण मोकळा होता. घरून कसलीही सक्ती नव्हती; उलट बाबांनी स्पष्ट सांगितले होते की तुला तेच करायचे असेल तर पैशांची काळजी करू नकोस. तरीही त्या क्षेत्रातल्या नोकऱ्या किती कमी आहेत याची चौकशी मी स्वतः केली आणि अभियांत्रिकीचा अर्जही स्वतःच्या मर्जीने भरला. त्यामुळे आज राग काढावा असे समोर कोणीच नाही.

माझे काम मला आवडते, हे आधीच नमूद करते, कारण एरवी उत्तरे ‘नोकरी बदला’ या दिशेने जातील. अडचण अशी आहे की माझ्या कामातच ते जुने वेड मला रोज भेटते. इमारतीच्या पायाचा खड्डा खोदला की त्याच्या भिंतीत थर दिसू लागतात. वर विटा-मातीचा भराव, त्याखाली भेगाळलेली काळी माती, मग चुनखडीचे पांढुरके खडे मिसळलेला पट्टा आणि शेवटी मुरूम. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात आकसणारी काळी माती कुठे संपते आणि भार पेलणारा थर कुठे लागतो, एवढेच पाहणे हे माझे काम असते. प्रत्यक्षात माझी नजर भरावातून डोकावणाऱ्या खापराच्या तुकड्यावर खिळते आणि सुपरवायझरने ‘मॅडम, फूटिंगची खोली किती धरायची?’ असे दुसऱ्यांदा विचारेपर्यंत मी तिथेच घुटमळत असते.

नगरधनला 2015 ते 2018 या काळात उत्खनन झाले आणि तिथे विदर्भावर राज्य करणाऱ्या प्राचीन वाकाटक घराण्यातली राणी प्रभावतीगुप्ता हिच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली, ही बातमी वाचल्यावर आनंदाआधी मला मत्सर वाटला. ज्यांच्या हाती ती मुद्रा लागली असेल त्यांच्याविषयीचा तो मत्सर होता, आणि तो अजून पुरता ओसरलेला नाही. पेंच नदीकाठच्या नायकुंडला महापाषाणीय काळातली (दफनांभोवती मोठे दगड रचणाऱ्या लोकांच्या काळातली) लोखंड गाळण्याची भट्टी सापडली होती, हे मला रोज सळयांचा हिशेब करताना आठवते. ‘छंद म्हणून जोपास’ हा सल्ला मला पुष्कळांनी दिला आहे, परंतु मला हुरहुर वाटते ती छंदाची नव्हे. मग ती नेमकी कशाची आहे, आणि या वयात तिचे काय करावे, हे ज्यांनी अनुभवले असेल त्यांनी कृपया सांगावे.

उत्तर: खापरांचा हिशेब

ताई, आपण ज्या मार्गाने गेला नाहीत त्या मार्गाने मी गेलो आणि काही वर्षांनी बाहेर पडलो, म्हणून लिहितो. उत्खननाच्या बातमीत मुद्रा येते, खापरे येत नाहीत. प्रत्यक्षात मुद्रा सापडण्याचा दिवस एखाद्याच्या वाट्याला येतो, आणि बाकीच्यांच्या वाट्याला पोतीच्या पोती खापरे येतात. ती पाण्यात भिजवून ब्रशने धुवायची, उन्हात वाळवायची, मग प्रत्येक तुकड्यावर आतल्या बाजूने बारीक अक्षरांत स्थळाचे, ट्रेंचचे (खणलेल्या चराचे) आणि थराचे चिन्ह शाईने लिहायचे. काळी-तांबडी एका बाजूला, नुसती तांबडी दुसऱ्या बाजूला. काठ आणि बूड निराळे काढायचे, कारण भांड्याचा आकार त्यांच्यावरूनच ठरतो. काठाचे चित्र काढताना त्याचा कोन थोडा जरी चुकला तरी वाडग्याचा घडा होतो. हे काम मला मनापासून आवडत असे. आवडत नसे ते इतकेच की हंगाम संपला की मानधनही संपायचे आणि पुढच्या हंगामाचे पत्र येईल की नाही हे कोणीच सांगू शकत नसे. ज्या उत्खननावर मी सर्वाधिक राबलो त्याचा सविस्तर अहवाल मी तिथून बाहेर पडेपर्यंत प्रसिद्ध झालेला नव्हता.

आपल्या मत्सराला कमी लेखण्यासाठी मी हे लिहीत नाही. आपण मुद्रेचा मत्सर करत आहात असे मला वाटत नाही. थर वाचण्याची जी नजर हंगामामागून हंगाम उन्हात बसून तयार होते, मातीचा रंग किंचित बदलला की हात आपोआप थांबतो, ती नजर आपल्याला हवी होती. ती पुस्तकांतून येत नाही, आणि खरे सांगायचे तर शनिवार-रविवारच्या सहलींतूनही येत नाही. आपल्याला कोणी गोड शब्दांत उलटे सांगितले तर विश्वास ठेवू नका. मात्र पायाच्या खड्ड्यापाशी आपली नजर थांबते, त्या अर्थी तिचा काही अंश आपल्याकडे आधीच आहे, आणि तो आपल्या व्यवसायानेच दिला आहे.

उत्तर: महालातला निवृत्त

मी सेवानिवृत्तीनंतर याच विषयात एम. ए. केले. वर्गात माझ्याहून मोठे कोणी नव्हते आणि प्राध्यापकसुद्धा मला ‘काका’ म्हणत, परंतु त्यामुळे काही बिघडले नाही. खापरवाल्या मित्रांचे म्हणणे उत्खननापुरते खरे असले तरी पुरातत्त्व म्हणजे केवळ उत्खनन नव्हे, हे सांगणे मला आवश्यक वाटते.

आपल्याच गावचे उदाहरण घ्या. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी (1893–1985) हे पेशाने संस्कृतचे प्राध्यापक होते. त्यांनी इथल्या मॉरिस महाविद्यालयात शिकवले. वाकाटकांच्या कोरीव लेखांचा त्यांनी संपादित केलेला खंड 1963 साली प्रसिद्ध झाला आणि आजही विदर्भाच्या प्राचीन इतिहासावर लिहिणाऱ्याला त्याला वळसा घालून जाता येत नाही. त्याही आधीचे पाहायचे तर काटोल रस्त्यावरील जुनापाणीची दगडी वर्तुळे (महापाषाणीय दफनस्थळे) एकोणिसाव्या शतकात खणली ती रिव्हेट-कार्नॅक यांनी, आणि ते मध्य प्रांतातील कापसाचे आयुक्त होते. स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी, पण टाकळीच्या जीवाश्मांपासून दगडी वर्तुळांपर्यंत त्यांनी सारे धुंडाळले. 1863 मध्ये टाकळघाटची वर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. या तिघांपैकी एकाचीही भाकरी पुरातत्त्वावर चालत नव्हती. आपण नोकरी सोडण्याचा विचार मुळीच करू नये, मात्र लिपी शिकायला आजच बसावे.

उत्तर: मानेवाड्याची वाचक

काकांचा आदर ठेवून मतभेद नोंदवते. कापूस आयुक्तांनी वर्तुळे खणली तेव्हा खोदणारे मजूर, घोडा सांभाळणारा मोतद्दार आणि रात्रीचे जेवण रांधणारा खानसामा हे सगळे त्यांच्या दिमतीला होते, आणि खणून काढलेल्या वस्तू पुढे ब्रिटिश म्युझियममध्ये जाण्याइतका अधिकारही होता. मिराशींचा व्यासंग अफाटच, परंतु संस्कृतचे अध्यापन आणि ताम्रपटांचे वाचन ही शेजारशेजारची घरे आहेत. कॉलम आणि बीम यांच्या हिशेबातून उठून वाकाटकांकडे जायला बरेच अंतर चालावे लागते. साइटवरून संध्याकाळी उशिरा घरी पोहोचणाऱ्या, मुलांचे शिक्षण आणि सासू-सासऱ्यांची औषधे सांभाळणाऱ्या बाईसमोर ही उदाहरणे ठेवली की ‘त्यांना जमले, तुम्हाला का नाही?’ असा सूर आपोआप लागतो, आणि मूळच्या हुरहुरीत अपराधीपणाची भर पडते.

मी स्वतः कथक सोडून वैद्यकीय प्रयोगशाळेत आले. मलाही कोणी ढकलले नव्हते. माझ्या अनुभवाने सांगते की स्वतः निवडलेल्या गोष्टीची रुखरुख सांगायला माणूस लाजतो, कारण ऐकणारा लगेच विचारतो की मग तेव्हा निवडलेच कशाला. निर्णय योग्य असणे आणि त्याची किंमत मोजावी लागणे या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे लोकांना का पटत नाही कोण जाणे. आपण अठराव्या वर्षी चौकशी करून, विचार करून निर्णय घेतला. तो चुकला असे आपल्या लिखाणात कुठेही दिसत नाही. मग दुःखाला दुरुस्तीची योजना जोडलीच पाहिजे असा आग्रह का? नगरधनच्या बातमीने वाईट वाटले, तर वाटू द्यावे. मी अजूनही कथकच्या मैफलीला जाते आणि मध्यंतरानंतर पुष्कळदा उठून येते. त्याने माझे काही अडलेले नाही.

उत्तर: चुना आणि वीट

मी जुन्या वास्तूंच्या संवर्धनाचे काम करणारा आर्किटेक्ट आहे. वरच्या चर्चेत एक बाजू राहून गेली, ती केवळ व्यवहाराची आहे. आमच्या कामात सर्वांत जास्त अडते ते स्ट्रक्चरल इंजिनिअरपाशी. भोसलेकालीन वाडा असो की एखादे जुने देऊळ, भिंतीला तडा दिसला की बहुतेक अभियंते सिमेंटचे ग्राउटिंग (तड्यात सिमेंट भरणे) आणि आरसीसीचा (सळयांच्या काँक्रीटचा) पट्टा सुचवून मोकळे होतात. चुन्यातल्या बांधकामाला सिमेंटचा कडक थर दिला की आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, क्षार पृष्ठभागाशी साचतात आणि काही वर्षांत मूळची वीट भुगा होऊन गळू लागते. चुन्याची भिंत भार कसा वाहते, ती किती हलू देते, पायाखालची काळी माती फुगल्यावर तडा कोणत्या दिशेने जातो, हे समजून घेऊन ‘इथे काहीही करू नका, फक्त पाण्याचा निचरा सुधारा’ असे लेखी देणारा अभियंता मला अजून शोधावा लागतो.

हे पुरातत्त्व नव्हे, हे मला मान्य आहे, आणि ताईंची हुरहुर यातून भागेल असा माझा दावाही नाही. तरी त्यांचे आजवरचे शिक्षण जिथे वाया जात नाही, असे हे एक काम आहे. दोन गोष्टी मात्र ध्यानात असाव्यात. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंतचा भाग प्रतिबंधित आणि त्यापुढील 200 मीटरचा भाग नियंत्रित असतो, त्यामुळे आसपासच्या बांधकामाचा सल्ला देतानाही 1958 चा प्राचीन स्मारकांविषयीचा कायदा आणि त्यातली 2010 ची दुरुस्ती पाहावी लागते. दुसरे असे की, कितीही मोह झाला तरी परवानगीशिवाय कुठेही उकरू नये आणि पृष्ठभागावर दिसलेले खापरही उचलून घरी आणू नये. जागेवरून हलवलेल्या खापराची निम्मी माहिती तिथेच राहून जाते.

प्रश्न विचारणारीचे प्रत्युत्तर: काळी माती

सर्वांची मनापासून आभारी आहे. खापरवाल्या दादांनी माझ्या हुरहुरीला जे नाव दिले ते अचूक आहे. मला ती नजर हवी होती आणि ती आता पूर्ण येणार नाही. हे कोणीतरी स्पष्ट सांगावे अशी माझी इच्छा होती, असे उत्तर वाचल्यावर लक्षात आले. मानेवाड्याच्या ताईंचे उत्तर मी नवऱ्याला वाचून दाखवले, कारण ‘मग तेव्हा निवडलेच कशाला’ हा प्रश्न आमच्या घरात त्याच्याच तोंडून आलेला आहे. तो काही बोलला नाही, पण त्याने ते उत्तर स्वतःच्या फोनवर मागून घेतले.

नोकरी सोडणार नाही आणि एम. ए.ला तूर्त प्रवेश घेणार नाही. चुन्याच्या बांधकामाविषयी आर्किटेक्ट साहेबांना स्वतंत्रपणे लिहीन, कारण नागपूरच्या महाल भागातल्या एका वाड्याचे प्रकरण सध्या माझ्याच टेबलावर आहे आणि त्यात मी पट्टा सुचवण्याच्या बेतात होते. काकांना एकच विचारते. वाकाटकांचे लेख पेटिकाशीर्षक ब्राह्मीत असतात असे वाचले आहे. अक्षराच्या डोक्यावर ती चौकोनी पेटी असलेली लिपी थेट शिकायला घ्यावी, की आधी दुसरे काही?

उत्तर: महालातला निवृत्त

मानेवाड्याच्या ताईंचा आक्षेप रास्त आहे; खानसाम्याचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. आता लिपीविषयी. पेटिकाशीर्षक लगेच घेऊ नये. अशोककालीन ब्राह्मीपासून आरंभ करावा, कारण तिची अक्षरे साधी असतात. क म्हणजे अधिकचे चिन्ह, ठ म्हणजे वर्तुळ, थ म्हणजे वर्तुळात टिंब. सुरुवातीला वाचण्याचा आग्रह न धरता अक्षरे नुसती उतरवून काढावीत. आपला हात ड्रॉइंगला सरावलेला असल्याने हे आपल्याला आमच्यापेक्षा लवकर जमेल. नंतर सातवाहनांचे लेख घ्यावेत आणि मग वाकाटकांकडे यावे. देवटेकची (चंद्रपूर जिल्हा) शिळा नागपूरच्या संग्रहालयात आहे. तिच्यावर मौर्यकाळाच्या सुमाराचा एक लेख आहे आणि त्याच दगडावर कित्येक शतकांनंतर कोरलेला वाकाटक पहिल्या रुद्रसेनाचा दुसरा लेख आहे. दोन्ही लिप्यांचे तक्ते सोबत घेऊन जावे. लेख झिजलेले असल्याने त्यांचे प्रसिद्ध वाचन आधी पाहून गेलेले बरे, नाहीतर पहिल्याच ओळीत अडकून बसाल.