गावचं घर : नकाशा नंबर चार

(ग्रुप : घरचे सगळे)

मी : नकाशा नंबर तीन टाकलाय. दादाने सांगितलं तसा. बाहेरून ३० बाय ४०, तीन बेडरूम, तिन्हींना अटॅच्ड बाथरूम, हॉल, किचन. सगळ्यांनी बघा आणि बोला. नुसतं ‘छान’ लिहून पळू नका.

आत्या : छान

आत्या : म्हणजे बघते गं, चष्मा सापडू दे

दादा : झक्कास. तीन बेडरूम बसल्या ना? मग मिटलं.

मी : बसल्या नाहीत रे, कोंबल्यात. आपण १२०० चौरस फूट १२०० चौरस फूट करतो, पण चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत नऊ इंची. नुसत्या बाहेरच्या भिंतींत शंभरेक फूट गेले, आतल्या भिंती वेगळ्या. म्हणून प्रत्येक खोली १० बाय १० वर आली. त्यात ६ बाय साडेसहाचा पलंग. पायथ्याशी उरले साडेतीन फूट. तिथे दोन फुटी कपाट. राहिला दीड फूट. कपाटाचं दार पूर्ण उघडणारच नाही.

वहिनी : आमच्याकडे पुण्यात तेच आहे. मी पलंगावर मांडी घालून साड्या काढते.

काकू : ओटी कुठे दिसत नाही ती?

मी : यात ओटी नाहीये काकू. हॉल मोठा व्हावा म्हणून काढली.

काका : ओटी काढली??

काका : अरे दादा (मोठा नव्हे, आमचा पुतण्या), पावसात कोणी आलं तर चिखलाच्या पायांनी कुठे टेकणार? तुझ्या सोफ्यावर? छत्री कुठे निथळत ठेवायची? आंब्याचे खोके कुठे भरायचे? सुपाऱ्या कुठे सोलायच्या? देवरुखात जुलै म्हणजे काय असतं हे तू गणपतीला पाच दिवस येऊन ठरवू नकोस.

दादा : काका रागावू नका. मी फक्त म्हटलं की आम्ही सगळे आलो की झोपायला खोल्या हव्यात. गेल्या वर्षी मी माजघरात बंटीच्या घोरण्याशेजारी झोपलोय.

बंटीदादा : पुरावा?

आत्या : मी आहे ना पुरावा

बाबा : मुद्द्यावर या. घरात बारा महिने राहणार कोण? आमची आई, बाळ्या (तुमचे काका) आणि त्याची बायको. तीन माणसं. आपण सगळे मिळून पंचवीस, तेही गणपती आणि शिमगा. नकाशा पंचवीस माणसांचा केला तर उरलेले अकरा महिने बाळ्याची बायको रिकाम्या खोल्या झाडत बसणार.

काकू : भाऊजींनी माझ्या मनातलं लिहिलं. बंद खोलीला इथे पावसात आठ दिवसांत बुरशी येते. गाद्यांना वास मारतो. तीन बाथरूम घासायचे कोणी तेही लिहा नकाशावर.

दादा : मग वरचा मजला करू. खाली तुम्ही, वर आम्ही.

मी : जिन्याचा हिशोब सांगते. मजल्याची उंची १० फूट धरली आणि पायरी सात इंचांच्या आत ठेवली तर अठरा पायऱ्या येतात. मध्ये वळण घेऊन तीन फुटी जिना केला तर साधारण साडेसहा बाय दहाची जागा जाते. ६५ चौरस फूट. एवढ्यात संडास, न्हाणी आणि धुण्याचा दगड बसतो. आणि वर जाणार कोण? आजी नाही, काकूचे गुडघे नाहीत.

काका : शिवाय मजला म्हणजे स्लॅब. आपल्या वाडीत ज्यांनी ज्यांनी स्लॅब घातला त्यांनी चार पावसाळ्यांनी वर पत्र्याची शेड मारली. दोनदा छप्पर करायचं तर एकदाच नीट कौलारू करतो ना. उतरत्या छपराखाली माळा मिळतो, पोरं झोपतील माळ्यावर. लाकडी शिडी पुरे.

बंटीदादा : माळा माझा

वहिनी : घोरणं वर जाईल, उत्तम

आई : भाऊजी, आईंना विचारलंत का? राहणार त्या आणि बोलतोय आपण.

काकू : विचारलं. मी टाइप करते, त्या सांगतायत : “मला कॉटवरनं बेडं (अंगणाचं फाटक) दिसलं पाहिजे. कोण आलं कोण गेलं ते कळलं पाहिजे. आणि रात्री उठायचं तर दिवा लावून चार दारं ओलांडायला लावू नका. बाकी तुम्हाला काय राजवाडा बांधायचा तो बांधा.”

बाबा : आई 😄

मी : हे कुणी आधी सांगितलं असतं तर तीन नकाशे वाचले असते. थांबा, रात्री नवीन टाकते.

मी : नंबर चार. फोटो मोठा करून बघा.

पूर्वेला खळं म्हणजे अंगण, मग आठ फुटी ओटी, पूर्ण तीस फूट रुंद. ओटीमागे उजव्या अंगाला माजघर, डाव्या अंगाला म्हणजे दक्षिणेला आजीची खोली. तिच्या खोलीची एक खिडकी ओटीवर उघडते. खिडकी जमिनीपासून दोनच फुटांवर सुरू होईल, आणि तिच्यासमोर ओटीला चिऱ्याचा कठडा न घालता लाकडी गज. म्हणजे पडल्या पडल्या ओटी, खळं आणि बेडं एका रेषेत दिसेल. दुसरी खिडकी दक्षिणेला, उजेडासाठी. संडास-न्हाणी खोलीला लागून, दार तीन फुटी. एरवी लोक बाथरूमला अडीच फुटी दार ठेवतात, चौकट जाऊन हातात सव्वादोन फूट येतात. उद्या व्हीलचेअर लागली तर बाहेरच अडकेल.

आत्या : शुभ बोल गं नारी

मी : आत्या, ती आजीसाठीच असं नाही. काका-काकूही म्हातारे होणार आहेत याच घरात.

काका : झालोच आहोत. पुढे वाच.

मी : माजघरामागे स्वयंपाकघर, वायव्य कोपऱ्यात. त्याच्या शेजारी नैर्ऋत्येला काका-काकूंची खोली, १२ बाय १२. मागे पश्चिमेला सहा फुटी पडवी. पडवीच्या दक्षिण टोकाला संडास वेगळा, न्हाणी वेगळी.

दादा : एकत्र का नाही? जागा वाचेल.

मी : गणपतीच्या सकाळी आठ वाजता कळेल का ते. एक आंघोळ करतोय म्हणून सात जण ताटकळतात.

आत्या : पण स्वयंपाकघर आग्नेयेला हवं ना? आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये ज्यांचं ज्यांचं चुकीचं आहे त्यांचं काही ना काही चालूच असतं.

काका : ताई, डोंबिवलीत सगळ्यांचंच काही ना काही चालू असतं.

काका : आणि चूल आहे आपल्याकडे, नुसता गॅस नाही. पावसात वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडनं येतो. आग्नेयेला चूल घातली तर धूर थेट ओटीवर, आलेल्या माणसाच्या डोळ्यांत. वायव्येला असली तर धूर विहिरीच्या बाजूने निघून जातो. आबांनी जुन्या घरात तिथेच ठेवलं होतं, उगाच नाही.

मी : आत्या, वास्तूत वायव्यही चालते म्हणतात. आणि ओटा असा लावलाय की काकूचं तोंड पूर्वेला होतं. चालेल?

आत्या : तोंड पूर्वेला ना? मग चालेल.

काकू : मला कोणी विचारलं नाही पण ओटा ३२ इंच उंच करा. जुना होता तो माझ्या छातीशी यायचा. आणि सांडपाणी मागे केळींना सोडा, टाकीत नको.

बाबा : संडासाची टाकी कुठे दाखवलीस? विहीर ईशान्येला आहे.

मी : नैर्ऋत्येला, घराच्या पलीकडे. विहिरीपासून निदान ६० फूट सुटले पाहिजेत. आपल्याकडे तर जास्तच, कारण जांभा दगड सच्छिद्र, पाणी कुठून कुठे झिरपेल सांगता येत नाही. म्हणून सगळे संडास दक्षिणेच्या अंगाला ठेवलेत.

काका : हे पटलं. आता दोन चुका दाखवतो. एक, छपराचा आकार. तू मागची पडवी एका बाजूला बाहेर काढून एल केलास. दोन छपरं मिळतात तिथे पन्हळ येणार, पन्हळीत फणसाचा पाला बसणार आणि पाणी उलटं आत. सरळ आयत ठेव, दोन पाखी म्हणजे दोन उतारांचं छप्पर, विषय संपला. दुसरं, पश्चिमेच्या खिडक्यांना एक फुटी छज्जा दाखवलायस. झडीला एक फूट म्हणजे काहीच नाही. पडवीची पाख खाली उतरव, खिडक्या तिच्या आत घे.

मी : दोन्ही मान्य. एल काढला. पडवी पूर्ण रुंदीची करते, तेवढीच कपडे वाळत घालायला जागा. लाकडंही तिथेच.

आई : आणि आंबे पिकायला अढी घालायची कुठे? गेल्या मे महिन्यात आंबे आईंच्या कॉटखाली होते.

काकू : जाऊबाई, ती जागा कॉटखालीच राहणार. आई पाडाचे आंबे दुसरीकडे ठेवू देत नाहीत.

दादा : बरं, माजघर अंधारं नाही का होणार? पुढे आठ फूट ओटी, मागे खोल्या.

मी : होणार. म्हणून उत्तरेला मोठी खिडकी आणि छपराला चार काचेची कौलं. माळा माजघरावर अर्धाच घ्यायचा, म्हणजे उजेड खाली येईल. बंटीदादा, सॉरी, अर्धा माळा तुझा.

आत्या : गणपती कुठे बसणार?

मी : माजघरात पश्चिमेच्या भिंतीला, तोंड पूर्वेकडे, मुख्य दाराच्या रेषेत. पाच बाय पाच मोकळी जागा ठेवलीय मखराला, तिथे एकही दार उघडत नाही. मुख्य दार चार फुटी. आरतीला निम्मे आत, निम्मे ओटीवर, मध्ये फक्त दार.

बाबा : जोत्याची उंची जमिनीपासून किती?

काका : दोन फूट. खाली नाही येणार. वरच्या शेतातलं पाणी खळ्यातून वाहत जातं.

मी : मग आजीसाठी उतार हवा. एका फुटाला बारा फूट लागतात, म्हणजे दोन फुटांना २४ फूट.

दादा : २४ फूट! खळ्याच्या मध्यात?

काका : खळ्यात नाही हं. शिमग्याला पालखी नाचते तिथे.

मी : घराची उत्तर बाजू ४० फूट आहे, तिला लागून नेते, वर ओटीच्या टोकाशी येईल. चार फूट रुंद. फक्त पागोळ्या बरोब्बर त्यावर पडतील आणि श्रावणात शेवाळ धरेल. तेव्हा त्या बाजूची पाख पाच फूट बाहेर काढा, नाहीतर उतार नसलेला बरा. आणि वर फरशी नको, खरबरीत चिराच ठेवा, एका बाजूने धरायला लोखंडी दांडा.

काका : सकाळी गवंड्याला घेऊन मोकळ्या जागेवर चुन्याची फक्की मारतो. खरा मापाचा नकाशा जमिनीवर. मग बोलू.

(दुसऱ्या दिवशी)

काका : फोटो पाठवलेत. आजीची कॉट उचलून तिच्या खोलीत, म्हणजे फक्कीत, ठेवली. आई झोपून बघतेय. काकू स्वयंपाकघरात उभी आहे. चतकोर तुळशीवृंदावन ओटीत येतंय, घर दोन फूट मागे घ्यावं लागेल.

वहिनी : आजींनी डोक्यावर छत्री का धरलीय?

काका : ऊन आहे. छप्पर मे महिन्यात.

काकू : आईंना बेडं दिसतं, पण कॉट भिंतीला आडवी लावली तर. नकाशात उभी आहे. माझ्या ओट्यापासून माजघराच्या दारापर्यंत मी ताटं घेऊन चालून पाहिलं. मधलं दार आहे तिथे नको, दोन फूट विहिरीच्या बाजूला सरकव, नाहीतर वाढताना मखराला वळसा घालावा लागतो.

मी : सरकवलं. कॉट आडवी केली. मग ओटीवरची खिडकी फूटभर दक्षिणेला जाईल, चालेल ना?

काकू : आई विचारतायत रात्री खिडकीतून मांजर आलं तर

मी : गज असतील काकू. जाळीपण लावू.

बाबा : मग हा नंबर चार, दुरुस्त्यांसकट, इंजिनिअरला पाठव. गावठाणातली परवानगी नगरपंचायतीत मी बघतो. बाळ्या, चिरा आत्ताच सांगून ठेव, दिवाळीनंतर सगळेच बांधकाम काढतात आणि पावसात खाण बंद.

काका : सांगितलाय. जुन्या घराचे फणसाचे खांब ठोकून बघितले, सहा चांगले आहेत. ओटीला तेच लावू. मुख्य दाराची चौकटही तीच, पण ती साडेतीन फुटी आहे.

मी : चार नको मग, साडेतीन धरते. आता मूर्ती केवढी आणायची ते त्यावर ठरवा.

आत्या : देव्हारा कुठे दाखवलाच नाहीस.

दादा : आणि वायफायचा पॉइंट

काका : ताई, देव्हारा माजघरात ईशान्येला, खिडकीशेजारी. वायफाय बंटीच्या माळ्यावर. आता मी जेवायला जातो, गवंडी पण थांबलाय पानावर.