जुनी जपानी घड्याळं: घेतली कितीला, पडली कितीला?

मंडळी, आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या मनगटावर साठ-सत्तरच्या दशकातली जपानी घड्याळं आहेत. दर दोन-चार दिवसांनी कुणीतरी फोटो टाकून विचारतं, "एवढ्याला मिळतंय, घेऊ का?" उत्तरं घाईत दिली जातात आणि विरून जातात. म्हणून हा धागा. किती दिले, वरून किती गेले, विकलं असेल तर हातात काय आलं, ते खऱ्या आकड्यांसकट लिहा. फसला असाल तर तेही लिहा, दुकानाचं नाव मात्र नको.

सुरुवात मी करतो. तोक्योत आलो त्या पहिल्याच वर्षी एका जुन्या सामानाच्या दुकानात, जंकच्या, म्हणजे बिघडलेल्या मालाच्या टोपलीत, सेइकोचं लॉर्ड मॅटिक दिसलं. 5606 मशीन, निळी तबकडी, काचेवर एकच ओरखडा. टॅक्स धरून 3,300 येन. हलवलं की सेकंदकाटा पळत होता, मला तेवढंच पुरे झालं. घरी येऊन चावी एक घर बाहेर ओढून फिरवली तर तारीख जागची हलेना. या मशीनमध्ये तारीख-वार झटपट बदलणारं एक बारीक प्लास्टिकचं चाक असतं, आणि पन्नास वर्षांनी ते तडकलेलं असणं नेहमीचंच. जाणकार आधी तेच बघतात. दुकानात बघायला दहा सेकंद लागली असती.

घड्याळजींनी ओव्हरहॉलचे, म्हणजे सगळं उघडून साफसफाई-तेलपाण्याचे, 27,000 सांगितले, वर चाकासाठी त्याच मशीनचं दुसरं बंद घड्याळ आणायला लावलं, ते 4,000 ला मिळालं. म्हणजे 3,300 चं घड्याळ 34,300 ला पडलं. तसंच, धड चालणारं घड्याळ त्या महिन्यात लिलावात पंधरा-सोळा हजारांना जात होतं. तेव्हापासून कुठल्याही न उघडलेल्या घड्याळाची किंमत मी ओव्हरहॉल धरूनच मोजतो.

*

माझा अनुभव विकतानाचा आहे. किंग सेइको 44-9990, साठच्या दशकातलं, हाताने चावी द्यायचं. लिलावात 42,000 ला घेतलं होतं. तीन वर्षं वापरलं, मग विकायचं ठरवलं. विकायचं तर चकाचक करून द्यावं म्हणून 12,000 देऊन केस पॉलिश करून घेतली. आरसा झाली अगदी! ते घेऊन नाकानो ब्रॉडवेला गेले. तिथे एकाच इमारतीत जुन्या घड्याळांची इतकी दुकानं आहेत की भाव विचारत फिरायला सोपं जातं.

पहिल्याच दुकानातल्या आजोबांनी भिंग डोळ्याला लावलं आणि घड्याळ दिव्याखाली हळूहळू कलतं केलं. काही बोलेनात. मग म्हणाले, "घासलंत ना?" मी हो म्हटलं. त्यांनी काचेच्या कपाटातून तसंच दुसरं काढून माझ्या घड्याळाशेजारी ठेवलं. त्यावर ओरखडे होते, पण पट्टा अडकतो त्या शिंगांच्या कडेवर उजेड सुरीच्या धारेसारखा एका रेषेत तुटत होता. माझ्या घड्याळावर तो उजेड साबणाच्या वडीवरून ओघळावा तसा ओघळत होता. मागे सोनेरी पदक असतं, त्यावरची अक्षरंही पॉलिशच्या चाकाखाली पुसट झालेली. घेतानाच्या फोटोत ती स्पष्ट आहेत, मी घरी येऊन पाहिलं.

आजोबांनी 20,000 देऊ केले, आणि तेही मशीन उत्तम आहे म्हणून. "ओरखडे पुढचा मालकही काढू शकतो, गेलेली कड कुणी परत लावू शकत नाही," असं ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं, पैशांपेक्षा जास्त त्या कडेचं. पन्नासहून जास्त वर्षं टिकली होती ती, आणि माझ्या हातून गेली. घड्याळ मी विकलं नाही.

ताई-दादांनो, विकण्याआधी काहीही पॉलिश करू नका. मऊ कापडाने पुसा आणि तसंच न्या.

*

वरच्या ताईंना एक सांगतो: ग्रँड सेइकोमध्ये हाच फरक अजून महाग पडतो. 1967 च्या 44जीएसचं सगळं रूपच त्या सपाट पृष्ठांवर आणि धारदार कडांवर उभं आहे. घासलेलं आणि न घासलेलं यांचा भाव एकाच घड्याळाचा वाटत नाही.

*

साल तपासण्याबद्दल थोडं. सेइकोच्या मागच्या बाजूला क्रमांक असतो. त्यातला पहिला आकडा सालाचा शेवटचा अंक, दुसरा महिना. ऑक्टोबरला ओ, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. दशक मात्र लिहिलेलं नसतं, ते मशीनच्या क्रमांकावरून ओळखायचं. मला एकाने "1964 चं, तोक्यो ऑलिंपिकच्या सालचं" म्हणून एक घड्याळ दाखवलं आणि त्यापायी दुप्पट भाव सांगितला. क्रमांक 43 ने सुरू होत होता, म्हणजे चार साल, मार्च. पण मशीन 5606, जे 1964 मध्ये निघालंच नव्हतं. घड्याळ 1974 चं. विक्रेत्याला शांतपणे सांगितलं, त्याने मान्य केलं, आणि मी ते साध्या भावात घेतलं, कारण माझा जन्म मार्च 1974 चा आहे.

सिटिझनमध्ये पहिला अंक साल आणि पुढचे दोन महिना. बाकी रीत तीच.

*

मी सेइकोच्या पिवळ्या तबकडीच्या 6139 क्रोनोग्राफसाठी, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या घड्याळासाठी, दोन वर्षं थांबलो. अंतराळवीर विल्यम पोग यांनी 1973 मध्ये स्कायलॅब अंतराळस्थानकावर नेलं ते हे, त्यामुळे सगळ्यांनाच हवं असतं. आणि ज्याला मागणी, त्यात जोडाजोडही जास्त. नवी बनवलेली तबकडी, नवे काटे, आतली नवी रिंग आणि जुनी केस, असं उभं केलेलं घड्याळ "अप्रतिम स्थिती" म्हणून येतं. पन्नास वर्षांपूर्वीचा पिवळा उन्हाने जरा उतरलेला असतो. फारच ताजा दिसला की मी थांबतो.

मी एक जवळपास घेतलंच होतं, 95,000 ला. फोटो मोठा करून पाहिला तर पाण्यापासून बचावाची खूण तबकडीवर वॉटर रेझिस्ट आणि मागच्या झाकणावर वॉटर प्रूफ. सुरुवातीच्या घड्याळांवर प्रूफ असे, नंतर, साधारण 1970 च्या आसपास, रेझिस्ट आलं. दोन्ही एकाच घड्याळावर दिसले तर ते दोन घड्याळांचं एक झालेलं असण्याचा संशय घ्यायचा. सहाच्या आकड्याखाली तबकडीचा बारीक क्रमांक छापलेला असतो, तो तर अगदीच फाटल्यासारखा होता. विक्रेत्याला तिथला जवळचा फोटो मागितला. त्याने तो पाठवला नाही, आणि मला उत्तर मिळालं.

शेवटी घेतलं ते फिक्या पिवळ्याचं, काटे डागाळलेलं, सगळे भाग मूळचे. 78,000. दोन वर्षांत मी जे शिकलो ते हेच, की मागितलेली किंमत बघू नये, झालेली विक्री बघावी. संपलेल्या लिलावांत गाळणी लावली की कळतं. दीड लाखाला टांगलेली घड्याळं महिनोन् महिने तशीच लटकत असतात, आणि आपण तोच बाजारभाव समजतो.

*

दुकानाचा विकायचा भाव आणि घ्यायचा भाव यांत फरक असणारच, त्यावर रागावू नका. दुकानदाराकडे जुन्या वस्तूंच्या व्यापाराचा पोलिसांमार्फत मिळणारा परवाना लागतो, तो घड्याळ दुरुस्त करून हमी देतो, ते विकलं जाईपर्यंत त्याचे पैसे अडकतात. दुकानात 60,000 ला लावलेल्या घड्याळाचे मला बहुधा 30 ते 35 हजार मिळतात. आपणच ऑनलाइन विकलं तर साधारण दहा टक्के कमिशन, पाठवायचा खर्च आणि "काल एक मिनिट मागे पडलं" असे निरोप. मी दोन्ही करते. घाई असेल तर दुकान. दहा हजार येनच्या वर विकायचं तर ओळखपत्र जवळ ठेवा, कायद्यानेच ते बघावं लागतं.

*

सगळे सेइकोच लिहितायत. सिटिझन, ओरिएंट, रिको, ताकानो यांच्याकडे कुणी बघत नाही, आणि मला ते मनापासून खुपतं. सिटिझनने 1970 मध्ये टायटॅनियमच्या केसचं एक्स-8 काढलं, जगातलं टायटॅनियमचं पहिलं मनगटी घड्याळ. ताकानो ही नागोयाची कंपनी, 1959 च्या इसे-वान वादळाने तिचं कंबरडं मोडलं आणि पुढे ती रिकोकडे गेली. इतकी कमी वर्षं बनलेली, इतकी देखणी घड्याळं! पण दुर्मिळ म्हणजे महाग असं गणित इथे चालत नाही. महाग व्हायला शोधणारे लागतात. माझं ताकानो विकायला काढलं तेव्हा सात महिने एकानेही विचारलं नाही, मग एका आठवड्यात दोघं आले. सुटे भाग मिळत नाहीत, म्हणून घेताना चालू स्थितीतलंच घ्या. परत विकण्याच्या हिशेबाने घेत असाल तर मात्र सेइकोच घ्या, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

*

जुन्या क्वार्ट्झबद्दल कुणी लिहिलं नाही. 25 डिसेंबर 1969 ला आलेल्या सेइकोच्या पहिल्या क्वार्ट्झ मनगटी घड्याळाची, म्हणजे अ‍ॅस्ट्रॉनची किंमत 4,50,000 येन होती. सत्तरच्या उत्तरार्धातली क्वार्ट्झ मात्र जंकमध्ये हजार येनलाही असतात. आतलं सर्किट किंवा कॉइल गेलं असेल तर घड्याळजीही हात टेकतात. झाकण उघडून बॅटरीच्या जागी हिरवट थर दिसला तर ठेवून द्या.

*

मी वही ठेवते. एकच मॉडेल, ग्रँड सेइकोचं 61जीएस, आणि त्याचे संपलेले लिलाव: तारीख, क्रमांकावरून साल, केस घासलेली का, पदक शाबूत का, "ओएच झुमी" म्हणजे ओव्हरहॉल झालेलं लिहिलंय का आणि त्याचा कागद जोडलाय का, आणि शेवटी किती. दोन वर्षांची पानं झाली. कागदाशिवायच्या ओव्हरहॉलला माझ्या नोंदींत जवळजवळ काहीच भाव मिळालेला नाही. स्वच्छ तबकडीला सगळ्यात जास्त. आणि येन घसरला, 2022 च्या ऑक्टोबरात डॉलरला 150 च्या पुढे गेला, त्यानंतर चांगल्या घड्याळांना शेवटच्या पाच मिनिटांत चढणाऱ्या बोली वाढल्या. वाईट घड्याळांचे आकडे होते तिथेच राहिले.

त्यातल्या 6145 आणि 6146 या दोन्ही मशीनची पानं आहेत. कुणाला घ्यायचं असेल तर मागच्या झाकणाचा फोटो टाका, त्याच्या जवळचे आकडे काढून इथे लिहिते.