कापसाच्या मोबाइल गेमची समीक्षा करायची, तर सुरुवात कुठून करावी?

धुऱ्यावरची (आर्णी तालुका, यवतमाळ)

मी तत्त्वज्ञानात एम.ए. केलं आणि आता घरची कोरडवाहू शेती पाहते. कापूस, मधे तुरीच्या ओळी. रात्री जेवणं आटोपली की मोबाइलवर ‘फार्मिंग सिम्युलेटर २०’ खेळते. गेम स्वित्झर्लंडच्या कंपनीचा, पण त्यात कापूस पेरता येतो म्हणून घेतला.

गेम मला मनापासून आवडतो, हे आधीच सांगते. ट्रॅक्टर धुऱ्याशी, म्हणजे बांधाशी, वळवायचा, पुढचं तास (पेरणीची ओळ) आधीच्या तासाला बरोबर लागून आणायचं, यात डोकं शांत होतं. पण कापूस तयार झाला की एक अवाढव्य यंत्र शेतातून फिरतं आणि मागून कापसाचा बांधलेला गठ्ठा पडतो. झाली वेचणी. आमच्याकडे पहिल्या वेच्याआधी सीतादही करतात, शेतात दहीभात ठेवतात. मग बाया ओटी बांधून किलोच्या भावानं वेचतात. पहिला वेचा, दुसरा, तिसरा, आणि कुणी फरदड ठेवली, म्हणजे तीच झाडं उपटता पुढं राखली, तर त्याच्याही पुढं. गेममध्ये मजूर ठेवता येतो. तो यंत्रावर बसतो, मजुरी आपोआप वजा होते. त्याला उचल लागत नाही, घरी कोणी आजारी पडत नाही. आणि मुख्य म्हणजे, पेरलं की उगवतंच.

कथा-कादंबरीची समीक्षा कशी करतात ते शिकले आहे. इथं कथाच नाही, जे घडतं ते मीच करते. मग तपासायचं काय? पडद्यावर दिसतं ते, की गेम माझ्या हाताकडून करवून घेतो ते? ‘खऱ्या शेतीसारखं नाही’ एवढ्यावर थांबणं मला पुरेसं वाटत नाही.

जुना मास्तर (पुसद)

ताई, हातापासूनच सुरुवात करा. तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांनी १९७८ च्या पुस्तकात खेळाची व्याख्या केली आहे: गरज नसलेले अडथळे आपण होऊन पत्करायचे आणि ते पार करायची धडपड करायची. गोल्फमध्ये चेंडू हातानं उचलून खड्ड्यात टाकता येईल, पण खेळणारा काठीच वापरतो, कारण त्याला तसंच खेळायचं असतं. तत्त्वज्ञ सी. थी न्गुयेन यांनी २०२० मध्ये हाच धागा पुढे नेला. त्यांच्या मते चित्रकार जसा रंगांत काम करतो तसा गेम रचणारा खेळणाऱ्याच्या कर्तेपणात काम करतो. आपल्याला काय हवंसं वाटावं आणि त्यासाठी काय करता यावं, हे तो ठरवून देतो, आणि आपण तेवढ्या वेळापुरते तसे होतो. तेव्हा विचारा, हा गेम तुम्हाला तासभर कोण बनवतो? तुमच्या वर्णनावरून मला तरी त्यात शेतकरी कमी आणि यंत्रांचा मालक जास्त दिसतो.

कास्तकाराचं पोट्टं

ताई, मी बी हाच गेम खेयतो. दिवसभर पाठीवर पंप घेऊन फवारनी केल्यावर मले गेमात बोंडअयी नको, दुबार पेरनी नको अन् चुकाऱ्याची वाट पाहनं बी नको. बाप रोज आभायाकडं पाहते. गेमात तं कोनाले पाहा लागत नाई. त्याच्यात काय वाईट हाये? समीक्षा करा, पन आमचा इसावा काढून घेऊ नका.

कवडी (वर्धा)

पोट्टं म्हणतो ते मला पटतं, आणि तरीही धुऱ्यावरचीचा प्रश्न उरतोच. फ्रेंच विचारवंत रोजे कायवा यांनी १९५८ मध्ये खेळांचे चार प्रकार सांगितले: चुरस, नशीब, सोंग आणि भोवळ येईस्तोवर गरगरणं. कबड्डी चुरशीची. माझी आजी अष्टाचंगा खेळायची, त्यात सोंगटी कुठली चालवायची ते तिचं डोकं, पण किती घरं ते कवड्यांचं. कोरडवाहू शेती मला त्या पटासारखी वाटते. तुमच्या गेमनं कवड्याच काढून घेतल्या आणि सगळं पीक कष्ट आणि हिशेबावर ठेवलं. म्हणजे ज्याचं पिकलं नाही त्यानं काहीतरी कमी केलं, असा अर्थ त्याच्या नियमांतूनच निघतो. एकही वाक्य न बोलता गेम हे सांगतो, म्हणून ते तपासलं पाहिजे.

धुऱ्यावरची

मास्तर, कवडीताई, मनापासून आभार. भाऊ, तुमचा इसावा मी कशाला काढू? मलाही तोच मिळतो, आणि समीक्षेत तो पहिल्यांदा लिहीन.

कवडीताईंचं वाचून घरातल्या चार कवड्या घेऊन बसले. नियम केला: पेरलं की कवड्या टाकायच्या. चारही पालथ्या पडल्या तर मृग कोरडा गेला असं धरायचं, ते शेत मोडून पुन्हा बियाणं घ्यायचं. गेमला यातलं काही कळत नाही, पैसे मात्र खरोखर त्याच खात्यातून जातात.

खेळणं लगेच बदललं. सगळी शेतं एका दमात पेरायची ती मी थांबू लागले. एक शेत मागं ठेवलं. नवीन यंत्रासाठी जमवलेले पैसे बियाण्यासाठी राखले. तास सरळ आणण्यातली मजा तशीच राहिली, पण शेवटच्या तासानंतर कवड्या हातात घेताना पोटात गोळा येतो. हा गोळा मला जूनमधला ओळखीचा आहे. फरक एवढाच, की हा मी मागून घेतला, म्हणून त्यातही रस आहे. सूट्स यांचं म्हणणं मला वाचून कळलं होतं, ते या वेळी अंगाला कळलं. आणि मूळ गेममधली शांतता कुठून येत होती तेही दिसलं. तिथं माझ्या निर्णयावर दुसऱ्या कशाचीच सत्ता नव्हती.

आता वेचणीपाशी अडकले आहे. पावसाला कवड्या चालल्या. पण वेचणाऱ्या बाया गेममध्ये आणायच्या कशा? यंत्र न वापरता कापूस काढायची सोयच नाही. वेच्यागणिक पैसे बाजूला काढायचा नियम करून पाहिला, तर तो नुसता खर्चाचा आकडा होतो, माणूस येत नाही. कुणाला एखादा नियम सुचतो का? भाऊ, तुम्ही हाच गेम खेळता, तुम्हीच सांगा.