काळीचा त्रास (आपलं कुटुंब ग्रुप)

काकी: फोटो बघा. नव्या तीन तलंगांतल्या तांबडीची मान पार सोलवटली. काळी कोंबडी तिला दाणा टिपू देत नाही, खुराड्यात शिरली की टोचून बाहेर काढते. बिचारी पावसात भिजत बसते.

बंटी: काळीचा रविवारी रस्सा. विषय संपला 😋

काकी: गप रे. सगळ्यांत जास्त अंडी तीच देते. शिमग्याला आलास तेव्हा कुणाची खाल्लीस?

आत्या: वहिनी, तांबडीला डालग्याखाली वेगळी ठेवा आणि मानेला हळद-खोबरेल लावा.

काकी: लावलं हो वन्सं. पण सोडली की काळी परत हजर.

मनू: काकी, शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून मी 🙋‍♀️ जखम भरेपर्यंत तांबडी वेगळीच राहू दे. रक्ताचा लाल रंग दिसला की बाकीच्यापण तिथेच टोचतात, आणि मग थांबत नाहीत. मेडिकलमध्ये निळं जेन्शन व्हायोलेट मिळतं ते लाव, जखमेचा लाल रंग झाकला जातो. पण खरं उचलायचं ते काळीला. तीन-चार दिवस, बाकीच्यांच्या नजरेआड.

काका: मार खाणारी सोडून मारणारीला कोंडायचं?

मनू: हो काका. तेवढ्यात मागे राहिलेल्या आपापसात नंबर लावून घेतात. काळी परत येते ती नवखी म्हणून, तोरा उतरलेला असतो. फक्त तांबडीलाच काढलं तर ती आली की परत तळाला.

काका: मग काळीच्या जागी दुसरी दादा होईल.

मनू: होईलच. कोंबड्यांत उतरंड असतेच. नॉर्वेच्या श्येल्डेरुप-एब्बे नावाच्या माणसाने कोण कुणाला टोचते याच्या नोंदी ठेवून १९२२ साली ते छापलंय. ती मोडायच्या मागे लागू नका, रक्त निघेपर्यंत गोष्ट जाऊ नये एवढंच बघायचं. काकी, खुराडं केवढं आहे? खायला काय घालतेस?

काकी: खुराडं जुनंच, पाच-सहा जणींचं. आता नऊ आहेत. खायला कणी आणि भाताचा कोंडा.

मनू: तरीच! बंदिस्त पालनात अंड्यांच्या कोंबडीमागे साधारण २ चौरस फूट जागा धरतात. त्यात पावसामुळे दिवसभर आतच. आणि नुसत्या कणीवर प्रथिनं कुठली मिळणार? पिसं प्रथिनांचीच असतात, कमी पडली की एकमेकींची उपटून खातात. लेयरचं, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांचं, खाद्य आण, नाहीतर मीठ न लावलेला जवळा कुटून मिसळ. खारवलेली सुकट नको, जास्त मीठ कोंबड्यांना बाधतं.

काकी: आणि पांढरीची पाठ उघडी पडलीय ती? तीपण काळीनेच?

मनू: नुसती पाठच ना? मग तो बहुतेक कोंबड्याचा प्रताप 🐓 वर चढताना नखांनी पिसं जातात. डोकं-मान सोललेली असेल तर बहुतेक बाकीच्या कोंबड्या. शेपटीखाली जखम दिसली तर मात्र त्याच दिवशी वेगळी कर, तिथे टोचून आतडं बाहेर काढतात.

आत्या: बाई गं!

काका: पोल्ट्रीवाले चोच कापतात तसं करूया का काळीचं?

मनू: घरी ब्लेडने अजिबात नको. चोचीत नसा असतात, रक्तही येतं. त्यापेक्षा दाण्याची भांडी दोन ठेवा, एकापाशी उभी राहून दुसरं दिसणार नाही अशी. मग काळी एका वेळी किती ठिकाणी राखण करणार? माठाची जुडी उंच टांगा, उड्या मारण्यात वेळ जातो. आणि यापुढे नव्या आणल्या की आठवडाभर जाळीपलीकडे ठेवायच्या, दिसतील पण चोच लागणार नाही.

काकी: काळीला लाकडांच्या खोपीत घातली. दाणापाणी दिलंय. नुसता आरडाओरडा चाललाय तिचा.

बंटी: रस्सा कॅन्सल तर 😔

काकी: हो. आणि गणपतीला येताना कोंबड्यांची जाळी घेऊन ये. खुराडं वाढवायचंय, काका एकट्याने बांधणार नाहीत.