मदत हवी आहे : टेलोमेअरचा सिग्नल येतच नाही

मुळाग्र
फिश करतेय, म्हणजे डीएनएचा चमकणारा तुकडा (प्रोब) लावून गुणसूत्रावरची जागा शोधणं. टेलोमेअरचा, म्हणजे गुणसूत्राच्या टोकाचा, प्रोब लावला की डॅपी रंगाने निळी झालेली गुणसूत्रं तेवढी दिसतात, टोकांवर एक ठिपका नाही. कंट्रोल घेतला होता, तोही कोरा. गाइड म्हणतात हात बसला नाही अजून. सबमिशन डोक्यावर आलंय. कुणी केलंय का हे? लवकर सांगा, आणि 'आधी पेपर वाच' एवढं सोडून काहीही सांगा.

डिनॅचरवाला
फॉर्मामाइड (डीएनएचे धागे सुटे करायचं रसायन) जुना असणार. शंभरात नव्वद वेळा तेच असतं. नवी बाटली फोडा, ८० अंशांवर दोन मिनिटं ठेवा, लगेच बर्फावर. आमच्या लॅबमध्ये याच कारणाने एका पोराचं अख्खं सेमिस्टर गेलं.

पठारावरचा
झाड कुठलं ते सांगाल का आधी? आणि कंट्रोल कशाचा?

मुळाग्र
लिलिएसी फॅमिलीतलं आहे. झाडाचा काय संबंध? टेलोमेअर सगळ्या झाडांत सारखाच ना, टीटीटीएजीजीजी ही डीएनएची अक्षरं परत परत. प्रोब अरॅबिडॉप्सिसचा आहे, लॅबमधल्या नेहमीच्या नमुना-झाडाचा. फॉर्मामाइड नवाच आहे.

डिनॅचरवाला
मग पेप्सिन (प्रथिनं पचवणारं एन्झाइम) कमी पडतंय. सायटोप्लाझम राहिला की प्रोब आत शिरत नाही.

पठारावरचा
संबंध आहे म्हणून तर विचारतोय. लिलिएसी कुठली, बेन्थम-हूकरच्या जुन्या वर्गीकरणातली की आत्ताची? जुन्या लिलिएसीत कांदा, कोरफड, शतावरी, कळलावी सगळं एका पोत्यात भरलं होतं.

जुनी_बॅच
आम्ही बेन्थम-हूकर शिकलो आणि आमचं काही अडलं नाही. फूल बघितलं की फॅमिली सांगता यायची. आता दर काही वर्षांनी एपीजीवाले (डीएनएवरून वर्गीकरण करणारा गट) नवी यादी काढतात. १९९८, २००३, २००९, २०१६. पोरांनी पाठ तरी काय करायचं? हर्बेरियमची कपाटं आजही जुन्याच क्रमाने लावलेली असतात.

पठारावरचा
सर, कपाटं जुन्या क्रमाने राहू देत, माझी हरकत नाही. फुलावरून ओळख पटते, पण डीएनए कुणाचा कुणाशी जुळतो ते फूल सांगत नाही. मुळाग्र, झाड?

मुळाग्र
रानकांदा. पन्हाळ्याच्या बाजूचा. गुणसूत्रं 2n = 20 मोजलीत. कंट्रोलला साधा कांदा, मुळं पटकन येतात म्हणून.

शिरोळकर
रानकांदा जपून हाताळा, विषारी असतो, जनावरं तोंड लावत नाहीत. साधा कांदा म्हणाल तर यंदा मार्केट यार्डात काय दर मिळाला ते विचारूच नका. त्यापेक्षा सफेद मुसळी लावा. माझ्याकडे रोपं आहेत.

डिनॅचरवाला
इथं टेलोमेअर चाललाय काका.

रूटटिप_राणी
४५एसचा (रायबोसोमच्या जनुकांचा) प्रोब लावून बघितलास का? त्याचा सिग्नल आला तर पेप्सिन, फॉर्मामाइड सगळं ठीक आहे असं धरायचं.

मुळाग्र
हो, तो लखलखीत येतो. दोन्हींत. हे सांगायचं राहिलं.

रूटटिप_राणी
अगं हेच पहिल्या ओळीत लिहायचं! मग तुझा हात ठीक आहे, प्रोब चुकीचा आहे.

पठारावरचा
बरोबर. रानकांदा आणि कांदा दोन्ही अस्पॅरॅगेलीस ऑर्डरमधले, म्हणजे फॅमिलींच्या एकाच मोठ्या गटातले. या ऑर्डरमध्ये ऑर्किडं आधी फुटून निघाली, त्यांच्याकडे अरॅबिडॉप्सिसचा टेलोमेअर टिकून आहे. पुढे आयरिस वगैरेंचा फाटा जिथे निघतो, त्याच्या आसपास तो बदलला. एक टी गळला आणि टीटीएजीजीजी झालं, म्हणजे माणसाच्या टेलोमेअरसारखं. हा जुना टेलोमेअर हरवल्याचं २००१ मध्ये छापून आलं आणि २००२ मध्ये कोरफडीत माणसासारखा सापडला. रानकांदा याच गटातला.

कांदा त्याच्याही पुढे गेला. अ‍ॅलियम प्रजातीत तोही बदलला आणि सीटीसीजीजीटीटीएटीजीजीजी असं बारा अक्षरांचं प्रकरण आलं. ते २०१६ पर्यंत कुणाला सापडत नव्हतं. म्हणजे तुमच्या कंट्रोलला अरॅबिडॉप्सिसचा प्रोब लागणार नाही आणि माणसाचाही नाही. कंट्रोलला मका घ्या, त्यात टीटीटीएजीजीजी आहे. रानकांद्याला माणसाचा प्रोब लावा. माणसांची गुणसूत्रं तपासणाऱ्या लॅबमध्ये तो असतो, उसना मागून बघा.

डिनॅचरवाला
तरी पेप्सिन बघाच.

जुनी_बॅच
एका टीवरून फॅमिली बदलायची म्हणजे कमाल आहे.

पठारावरचा
फॅमिली टीवरून बदलली नाही सर. क्लोरोप्लास्टच्या जनुकांवरून झाड आधीच लावून झालं होतं, टेलोमेअर मागून त्यात जाऊन बसला. खरी लिली लिलिएलीसमध्ये, वेगळी ऑर्डर. 'लिलिएसी' एवढंच वाचून प्रोब मागवला तर असाच फटका बसतो.

नुसता_वाचक
कांद्याच्या पेशीत माणसाच्या पाचपट डीएनए असतो म्हणे. गुणसूत्रांच्या एका संचात साधारण १६ अब्ज अक्षरं, आपली ३ अब्ज. एवढं करतो काय कांदा त्याचं?

रूटटिप_राणी
फारसं काही नाही. बराचसा डीएनएत इकडून तिकडे उड्या मारणाऱ्या घटकांच्या नकलांचा भरणा. वेगळा धागा काढा, लिहीन.

मुळाग्र
माणसाच्या प्रोबचं एका ठिकाणी विचारलंय, सोमवारी कळेल. मक्याचे दाणे आज ओल्या कागदावर ठेवले. पण प्रबंधात फॅमिली काय लिहू? गाइड लिलिएसी म्हणतात, बाहेरचे परीक्षक एपीजीवाले आहेत.

जुनी_बॅच
गाइड म्हणतील ते लिहा. सही त्यांची लागते.

रूटटिप_राणी
अस्पॅरॅगेसी लिही, उपकुल सिलॉइडी, एपीजी चार, २०१६. कंसात 'बेन्थम व हूकरनुसार लिलिएसी'. जुन्या पेपरांत हायसिंथेसी दिसेल, तीच ही, घाबरू नकोस. आणि टेलोमेअरच्या प्रकरणात लिलिएसी शब्द आणूच नकोस, परीक्षक तिथेच धरतील.

शिरोळकर
मुसळी पण यातलीच का?

पठारावरचा
हो काका, अस्पॅरॅगेसीच. उपकुल घायपाताचं.